आत्याच्या आजाराचा भाचीशी संबंध काय? कर्करोगाचा वारसा सांगणारी चाचणी आणि तिच्याआधीचे समुपदेशन

जबलपूर : येथील राइट टाउन आणि लगतच्या नेपियर टाउन या वस्त्यांमध्ये दवाखाने, सोनोग्राफी केंद्रे आणि रक्ततपासणीच्या प्रयोगशाळा एकमेकींना खेटून उभ्या आहेत. यांतील सोनोग्राफी केंद्रांना दर्शनी भागी जे नोंदणी प्रमाणपत्र लावावे लागते, त्यावर ‘जेनेटिक क्लिनिक’, ‘जेनेटिक कौन्सेलिंग सेंटर’ असे शब्द छापलेले असतात. गर्भलिंग निवडीस प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्याने हे शब्द भारतीय व्यवहारात रूढ केले. परिणामी ‘जेनेटिक’ म्हटले की सामान्य माणसाच्या मनात गर्भाची तपासणी आणि तिच्याभोवतीची बंदी हेच चित्र उमटते. कर्करोगासंबंधीच्या आनुवंशिक समुपदेशनाचा या प्रमाणपत्राशी काहीही संबंध नाही. तेथे प्रश्न विचारला जातो तो हयात, बहुधा निरोगी अशा माणसाविषयी. घरात दोघा-तिघांना कर्करोग झाला आहे, तो मला किंवा माझ्या मुलांना होण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक आहे काय?

बहुसंख्य कुटुंबांसाठी या प्रश्नाचे उत्तर दिलासा देणारे असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाने २०२२ या वर्षासाठी देशात सुमारे १४.६ लाख नव्या रुग्णांचा अंदाज वर्तविला होता. आयुष्यभरात दर नऊ भारतीयांपैकी एकाला हा आजार होण्याची शक्यता त्याच अभ्यासात मांडण्यात आली. आजार इतका सर्वत्र असताना एखाद्या मोठ्या कुटुंबात दोन रुग्ण आढळणे हा निव्वळ योगायोगही असू शकतो. काकांना तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग झाला आणि आजीला सत्तरीनंतर स्तनाचा, एवढ्यावरून वारसा सिद्ध होत नाही. एकूण कर्करोगांपैकी केवळ ५ ते १० टक्के आजारांच्या मुळाशी आई किंवा वडिलांकडून आलेला एखादा ठळक जनुकीय दोष असतो. समुपदेशकाचे पहिले काम या थोड्या कुटुंबांना उरलेल्या अनेकांपासून वेगळे ओळखण्याचे असते.

वारशाने येते ते काय?

वारशाने कर्करोग येत नाही. येते ती त्याच्याविरुद्धची एक उणीव. शरीरातील पेशी विभागताना तिच्यातील जनुकीय मजकुराची नक्कल होते आणि नक्कल करताना चुका होतात. त्या दुरुस्त करणारी, किंवा बिघडलेल्या पेशीची वाढ रोखणारी काही जनुके आपल्याकडे असतात. प्रत्येकाच्या दोन प्रती, एक आईकडची, एक वडिलांकडची. अमेरिकी संशोधक आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये बालकांच्या डोळ्यांतील रेटिनोब्लास्टोमा या गाठींचा अभ्यास करून असे मांडले की, पेशी हाताबाहेर जाण्यासाठी दोन्ही प्रती निकामी व्हाव्या लागतात. ज्याला जन्मतःच एक सदोष प्रत मिळाली आहे, त्याच्या बाबतीत दुसरी बिघडणे एवढेच बाकी उरते. म्हणूनच अशा कुटुंबांत आजार कमी वयात येतो, दोन्ही डोळ्यांत किंवा दोन्ही स्तनांत येतो आणि पिढी सोडत नाही, असे वाटावे इतक्या वेळा येतो.

सदोष प्रत असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याकडे ती जाण्याची शक्यता निम्मी असते. छापा-काट्याचा हा हिशेब मुलगा आणि मुलगी असा भेद करीत नाही. स्तन व अंडाशयाच्या कर्करोगाशी जोडलेली बीआरसीए-१ व बीआरसीए-२ ही जनुके अनुक्रमे १७ व्या आणि १३ व्या गुणसूत्रावर आहेत, लिंग ठरविणाऱ्या गुणसूत्रांवर नाहीत. तरीही ‘बायकांचा आजार म्हणजे आईकडून येणार’ हा समज सुशिक्षित घरांतही पक्का असतो. वडील स्वतः ठणठणीत राहून आपल्या आईकडून आलेला दोष लेकीला देऊ शकतात. मुलीच्या दृष्टीने आत्याचा आजार मावशीच्या आजाराइतकाच महत्त्वाचा ठरतो, तो यामुळे. बीआरसीए-२ मधील दोषामुळे पुरुषांमध्येही प्रोस्टेट, स्वादुपिंड आणि क्वचित स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

ही शंका नवी नाही. फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी १८६६ मध्ये आपल्या पत्नीच्या घराण्यातील चार पिढ्यांच्या कर्करोगमृत्यूंची नोंद प्रसिद्ध केली होती. मिशिगनमधील आल्ड्रेड वॉर्थिन यांच्या १९१३ च्या लेखामागे त्यांच्या परिचयातील एक शिवणकाम करणारी स्त्री होती. आपल्या घरातील सगळे ज्या आजाराने गेले त्यानेच आपणही जाणार, असे ती सांगत असे, आणि तसेच झाले. आतडे व गर्भाशयाच्या आनुवंशिक कर्करोगाला आज ‘लिंच सिंड्रोम’ म्हणतात. त्याची पहिली नोंदलेली वंशावळ तिच्याच घराण्याची.

मराठी वाचकाने या इतिहासात आणखी एक नाव ठेवावे. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईत संशोधन सुरू केले आणि पुढे उंदरांच्या विशिष्ट वाणांमधील स्तनाच्या गाठींवर काम करताना आनुवंशिकता व स्तनाचा कर्करोग यांतील नाते शोधले. मानवी जनुकाचा ठावठिकाणा लागण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. त्यांना १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. मुंबईतच १९६३ पासून चालू असलेल्या कर्करोग नोंदणीने पारशी स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण शहरातील अन्य समाजांपेक्षा अधिक असल्याचे दाखवून दिले होते. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये बीआरसीए-१ चे गुणसूत्रावरील स्थान दाखविले, १९९४ मध्ये ते जनुक हाती लागले आणि १९९५ मध्ये बीआरसीए-२.

वंशावळ, पण वेगळी

समुपदेशनाची पहिली बैठक साधारण तासाभराची असते आणि तिच्यात सुई टोचली जात नाही. समुपदेशक कागदावर किमान तीन पिढ्यांचा तक्ता काढतो. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, आजारी व्यक्तीचे चिन्ह भरलेले, दिवंगताच्या चिन्हावर तिरपी रेघ. प्रत्येकाचा कोणता अवयव, कोणते वय, कोणते उपचार. ऐकायला हे सोपे वाटते. मराठी कुटुंबांत वंशावळीचे अप्रूपही कमी नाही. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थपुरोहितांच्या चोपड्यांत अनेक घराण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या सापडतात. मात्र त्या चोपड्यांची रचना पुरुषांच्या नावांवर उभी आहे, आणि कोण कशाने गेले हे त्यांत नसते. समुपदेशकाला नेमके तेच हवे असते.

उदाहरणादाखल राइट टाउनमधील एका मराठी कुटुंबाची कल्पना करू. या शहरात मराठी घरे भोसल्यांच्या अमलापासून आहेत. पुढे नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांताच्या काळात, रेल्वेत, लेखा कार्यालयांत, १९०४ मध्ये उभ्या राहिलेल्या तोफगाडी कारखान्यात नोकरीनिमित्त अनेक जण आले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जबलपूर मध्य प्रदेशात राहिले, विदर्भ वेगळा झाला आणि एकेका घराण्याच्या शाखा दोन राज्यांत विभागल्या गेल्या. समजा, अशा घरातील ४१ वर्षांच्या एका स्त्रीला स्तनाचा कर्करोग झाला आहे. आईच्या बाजूला कोणालाही काही नाही. वडिलांना बहिणी नाहीत. वरवर पाहता वारसा दिसत नाही. मग समुपदेशक विचारतो, आजी कशाने गेल्या? उत्तर येते, ‘पोटात पाणी झाले होते.’

जुन्या पिढीच्या बोलण्यातले हे तीन-चार शब्द समुपदेशकाला थबकायला लावतात. पोटात पाणी होण्याची कारणे अनेक, यकृताच्या आजारापासून क्षयापर्यंत. पण पन्नाशीच्या आतबाहेरच्या, व्यसन नसलेल्या स्त्रीच्या बाबतीत ते अंडाशयाच्या कर्करोगाचेही लक्षण असू शकते. ‘गाठीचे दुखणे’, ‘पिशवीचा आजार’, ‘अंगावरून जात होते’ हे शब्दप्रयोगही असेच. कर्करोगाचे नाव घरात उच्चारायचे नाही, हा रिवाज इतका जुना आहे की पुढच्या पिढीपाशी आजाराचे टोपणनावच तेवढे पोहोचते.

दुसरी अडचण नावांचीच. लग्नानंतर मुलीचे आडनावच नव्हे तर पुष्कळ घरांत पाळण्यातले नावही बदलले जात असे. त्यामुळे आजीची बहीण म्हणून जिचा उल्लेख होतो, तिचे नागपूर किंवा मुंबईच्या रुग्णालयातील कागद कोणत्या नावाने शोधायचे हे घरातल्या कोणाला सांगता येत नाही. तिसरी अडचण नात्यातल्या विवाहांची. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची प्रथा महाराष्ट्रातील अनेक समाजांत होती व काही ठिकाणी आहे. तेथे एकच दोष दोन्ही बाजूंनी येऊ शकतो, आणि काही दुर्मीळ आनुवंशिक आजार दोन्ही प्रती सदोष असल्यावरच प्रकट होतात. समुपदेशक हा प्रश्न विचारतो तेव्हा त्यात टीका नसते. तक्त्यातील रेघ दुहेरी काढायची की एकेरी, एवढेच त्याला ठरवायचे असते.

चाचणी आधी कोणाची?

यानंतरचा निर्णय बहुतेक कुटुंबांना उलटा वाटतो. रुग्णाची निरोगी मुलगी ‘माझी तपासणी करा’ म्हणून पुढे येते. समुपदेशक सांगतो, आधी आईची. कुटुंबात दोष आहे की नाही हे ज्याला आजार झाला आहे त्याच्या रक्तातूनच नीट कळते. आईच्या रक्तात विशिष्ट दोष सापडला, तर मुलीमध्ये नेमका तोच शोधायचा असतो. ती चाचणी स्वस्त असते आणि तिचे उत्तर स्पष्ट ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे येते. आईची तपासणी न करता मुलीची केली आणि काहीच सापडले नाही, तर त्याचा अर्थ लागत नाही. मुलीकडे दोष आला नाही, असेही असेल. किंवा घरातील आजाराचे कारण या चाचणीच्या आवाक्याबाहेरचे आहे, असेही असेल. असा अहवाल हातात घेऊन निर्धास्त होणे धोक्याचे.

चाचणीसाठी हाताच्या शिरेतून काही मिलिलिटर रक्त घेतात. राइट टाउनमध्ये घेतलेला नमुना बहुधा बंगळुरू, हैदराबाद, मुंबई अशा शहरांतील प्रयोगशाळेकडे रवाना होतो. तेथे रक्तातील पांढऱ्या पेशींमधून डीएनए वेगळा काढून एकाच वेळी अनेक जनुकांतील अक्षरक्रम वाचला जातो. जनुकाचा मोठा तुकडा गळाला किंवा दुप्पट झाला असेल तर तो साध्या वाचनात निसटू शकतो, म्हणून त्यासाठी निराळी तपासणी लागते; ती अंतर्भूत आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे. अहवालास साधारण तीन-चार आठवडे लागतात. गाठीच्या तुकड्यावर केलेली जनुकीय तपासणी ही याहून वेगळी. ती औषध निवडण्यासाठी असते. तिच्यात दिसलेला दोष वारशाचा की केवळ गाठीपुरता, हे रक्ताच्या चाचणीनेच ठरते. दोन्ही अहवाल एकाच फाईलमध्ये ठेवलेले नातेवाईक त्यांची सरमिसळ करतात आणि पुष्कळदा डॉक्टरांच्या घाईत ती तशीच राहते.

अहवालाचे उत्तर पाच श्रेणींत येते. एका टोकाला ‘रोगकारक’, दुसऱ्या टोकाला ‘निरुपद्रवी’. मधल्या श्रेणीचे नाव आहे ‘अर्थ अनिश्चित असलेला बदल’, आणि सर्वाधिक मनस्ताप तिचाच. जनुकात बदल दिसतो, पण तो घातक की डोळ्यांच्या रंगासारखा केवळ वैविध्याचा, हे सांगण्याइतका पुरावा जमलेला नसतो. हा पुरावा ज्या जागतिक माहितीसंचांतून येतो, त्यांत दीर्घकाळ युरोपीय वंशाच्या लोकांची माहिती अधिक होती. भारतीय माणसात सर्रास असलेला एखादा निर्दोष बदल तेथे दुर्मीळ भासतो आणि संशयात सापडतो. यामुळे भारतीय अहवालांत ‘अनिश्चित’ हा शब्द अधिक वेळा येतो. देशातील १० हजार नागरिकांच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन करणाऱ्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. तिचा एक उपयोग हे संशय फेडण्यासाठीही होईल. अनिश्चित बदलाच्या आधारावर शस्त्रक्रिया करायची नसते, हा नियम मात्र आजही पक्का आहे. असे बदल पुढे बहुधा निरुपद्रवीच ठरतात.

दोष सापडला, पुढे काय?

आंतरराष्ट्रीय पातळीवर हजारो स्त्रियांचा पाठपुरावा करून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या स्त्रीला वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के, तर अंडाशयाचा होण्याची ४४ टक्के असते. बीआरसीए-२ बाबत हेच आकडे ६९ आणि १७ टक्के आहेत. आकडे मोठे आहेत. तरी ते शंभर नाहीत, आणि ते संपूर्ण आयुष्याचे आहेत. तीस वर्षांच्या स्त्रीला पुढच्या वर्षी होणारा धोका यातून काढायचा नसतो.

अभिनेत्री अँजेलिना जोली यांनी मे २०१३ मध्ये आपल्या प्रतिबंधक शस्त्रक्रियेची माहिती जाहीर केली तेव्हापासून ‘चाचणी म्हणजे शस्त्रक्रिया’ असे समीकरण अनेकांच्या मनात बसले. प्रत्यक्षात मार्ग एकाहून अधिक आहेत. स्तनांच्या बाबतीत पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय आणि तिशीपासून त्याच्या जोडीला मॅमोग्राफी, हा सर्वमान्य पर्याय आहे. शस्त्रक्रिया हा दुसरा. अंडाशयाचे मात्र तसे नाही. तेथील कर्करोग वेळेत पकडू शकेल अशी भरवशाची नियमित तपासणी अद्याप उपलब्ध नाही. म्हणून अपत्ये झाल्यानंतर, बीआरसीए-१ असल्यास ३५ ते ४० आणि बीआरसीए-२ असल्यास ४० ते ४५ या वयात अंडाशय व बीजवाहिन्या काढण्याचा सल्ला दिला जातो. त्याने अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ८० टक्क्यांनी घटतो. अकाली रजोनिवृत्ती, हाडांची झीज ही त्याची किंमत असते आणि तिची चर्चा आधी व्हावी लागते. आपल्याकडे अनेक स्त्रियांचे गर्भाशय किरकोळ तक्रारींवरून तिशीतच काढले जाते. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांना मात्र कोणी विचारत नाही, हा विरोधाभास येथे नोंदविला पाहिजे.

लिंच सिंड्रोम असलेल्यांना विशी-पंचविशीपासून एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करावी लागते. गाठ होण्याआधीचे कोंब त्यातच काढता येतात. रुग्णालाही अहवालाचा थेट उपयोग असतो. अंडाशयाचा कर्करोग झालेल्या भारतीय स्त्रियांत जवळपास चौघींपैकी एकीत बीआरसीए दोष आढळल्याचे बहुकेंद्री अभ्यासात दिसले आहे, आणि ओलापॅरिबसारखी औषधे अशांनाच अधिक लागू पडतात. तिच्या चाचणीसाठी कुटुंबातील दुसऱ्या रुग्णाची वाटही पाहायची नसते.

अठरा वर्षांखालील मुलांची बीआरसीए चाचणी करू नये, असा संकेत आहे. त्या वयात करण्यासारखे काही नसते, आणि निर्णय त्यांचा त्यांनी सज्ञान झाल्यावर घ्यायचा असतो. रेटिनोब्लास्टोमाची गोष्ट निराळी. तेथे तान्ह्या भावंडाची तपासणी डोळा आणि जीव दोन्ही वाचवू शकते.

स्थळ, विमा आणि अंतर

घरात अहवाल आला की पहिला प्रश्न वैद्यकीय नसतो. ‘मुलीचे लग्न व्हायचे आहे’ हे वाक्य समुपदेशनात हटकून येते. ‘मुलाचे’ लग्न व्हायचे आहे, असे त्यामानाने क्वचित ऐकू येते. वास्तविक दोष पुढे जाण्याची शक्यता दोघांचीही सारखीच. कुटुंबे अहवाल लपवतात, नागपूरच्या चुलत घराला कळवत नाहीत, आणि तेथली एखादी तिशीतली मुलगी तपासणीविना राहते. समुपदेशक रुग्णाच्या संमतीविना नातेवाईकांना कळवू शकत नाही. तो नातलगांना देण्याजोगे एक पत्र मात्र लिहून देऊ शकतो. त्यात रुग्णाचा आजार उघड न करता कोणत्या जनुकाची तपासणी करून घ्यावी एवढेच लिहिता येते. हे पत्र मागून घेण्याचा पर्याय फारच थोड्या कुटुंबांना ठाऊक असतो.

विम्याची भीती अंशतः खरी आहे. ‘जनुकीय आजार’ सरसकट वगळणारे आरोग्य विम्यातील कलम भेदभाव करणारे असल्याचा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये एका हृदयरुग्णाच्या प्रकरणात दिला. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातून ज्या बाबी वगळता येणार नाहीत त्यांच्या यादीत जनुकीय आजारांचा समावेश केला. तथापि, अमेरिकेत २००८ मध्ये झाला तसा जनुकीय माहितीवरून भेदभावास मनाई करणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही, आणि आयुर्विम्याच्या अर्जातील प्रश्न वेगळे असतात. चाचणीपूर्वी विमा घ्यावा की नंतर, हा प्रश्न समुपदेशकाला विचारण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

सर्वांत मोठी उणीव माणसांची आहे. रक्त घेणारी केंद्रे गल्लोगल्ली झाली. अहवालाचा अर्थ सांगणारे प्रशिक्षित समुपदेशक अजूनही मोजक्या महानगरांत एकवटलेले आहेत. जबलपुरात नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याच्या परिसरात राज्य कर्करोग संस्था आहे. तरीही वारशाच्या प्रश्नासाठी येथील कुटुंबे नागपूर गाठतात किंवा थेट मुंबई. टाटा स्मारक केंद्राचा कर्करोग आनुवंशिकी विभाग नवी मुंबईत खारघर येथे आहे. दूरध्वनी किंवा व्हिडिओद्वारे समुपदेशन आता शक्य झाले असले तरी ते मराठीत किंवा हिंदीत, आजीच्या पिढीला कळेल अशा भाषेत मिळणे ही निराळी गोष्ट. चाचणीचा खर्च पूर्वीच्या मानाने बराच उतरला आहे, पण निरोगी नातेवाइकाची तपासणी कुटुंबाला बहुधा स्वतःच्याच खिशातून करावी लागते. आयुष्मान भारत योजनेचा भर रुग्णालयातील उपचारांवर आहे.

रुग्ण अखेरच्या अवस्थेत असेल तर कुटुंबाच्या मनात चाचणीचा विचार येत नाही, आणि तो गेल्यानंतर येतो. अशा वेळी मृत्यूपूर्वी घेतलेला रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत डीएनएच्या रूपाने जपून ठेवता येतो. तपासणी नंतर, सवडीने करता येते. तेही राहून गेले असेल, तर शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा मेणात बसविलेला तुकडा रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात काही वर्षे ठेवलेला असतो. त्यातून मिळणारा डीएनए रक्ताइतका चांगला नसतो, पण अनेकदा उपयोगी पडतो. तो तुकडा, ज्याला रुग्णालयात ‘ब्लॉक’ म्हणतात, नातेवाइकांना अर्ज करून मागता येतो. अर्जावर बायोप्सीचा क्रमांक लिहावा लागतो. तो जुन्या अहवालाच्या वरच्या भागात छापलेला असतो.